एकोणीस टोप्या

इथे पहिल्यांदाच लिहितोय. लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नुसता नाही असं नव्हे, त्या खोट्या पाडणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. मी फायर अलार्मचा टेक्निशियन. छताला तो पांढरा, वाटीएवढा गोल डिटेक्टर असतो ना... धूर आला की बोंब मारणारा... ते तपासायचे, पुसायचे, बिघडले की बदलायचे. सगळा नगर जिल्हा (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय) या कामापायी पालथा घातलाय. कोपरगावकडे एका गेस्ट हाउसमध्ये रोज दुपारी आपोआप अलार्म वाजायचा, तर वॉचमनने पॅनेललाच लिंबू-मिरची बांधून ठेवली होती! मी डिटेक्टर उघडला, आत पालीचं पिल्लू. झालं, भूत संपलं. आजवर अशी कितीतरी भुतं मी स्क्रू-ड्रायव्हरने बाहेर काढलीत. पाली, मुंग्या, झुरळं, बाथरूमची वाफ. कारण सापडत नाही असं होत नाही, आपण शोधायला कंटाळतो एवढंच.

म्हणून जे सांगणार आहे ते मलाच विचित्र वाटतं.

आधी बशीरभाईंबद्दल सांगायला हवं. हे काम दोघांचं असतं. एक जण खोल्या-खोल्यांतून काठी घेऊन फिरतो. काठीच्या टोकाला पेला असतो, त्यात धुराचा स्प्रे. पेला डिटेक्टरवर टेकवला की धूर सुटतो. दुसरा जण खाली पॅनेलपाशी उभा. पॅनेलवर त्या डिटेक्टरचा नंबर उमटला की तो वरच्याला कळवतो, पिप-पिप बंद करतो, रिसेट मारतो, म्हणजे पॅनेल परत पहिल्यासारखं करतो, मग वरचा पुढच्या खोलीत. मी काठीवर आणि बशीरभाई पॅनेलवर, अशी आमची चौदा वर्षं गेली. ते भिंगारचे, मीही भिंगारचा. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, पण मला दिलीपभाऊ म्हणायचे आणि मी त्यांना बशीरभाई.

आमच्याकडे दोन जुने वॉकीटॉकी होते. बशीरभाई त्यावर बोलायचे नाहीत. "उगं कशाला ओरडायचं, लोक झोपलेले असतात," म्हणायचे. नंबर आला की ते नुसतं बटन दोनदा दाबायचे. माझ्या कमरेच्या सेटमधून आवाज यायचा, टक-टक. म्हणजे आला, पुढं चला. नंबर आला नाही तर बटन दाबूनच धरायचे, मग नुसती लांब खरखर. म्हणजे परत धूर द्या. अख्ख्या दिवसात ते एकच वाक्य बोलायचे, तेही शेवटचा डिटेक्टर झाल्यावर. "चला, उतरा."

आणखी एक. इमारतीत रंगकाम निघालं की डिटेक्टरमध्ये धूळ जाऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिकच्या टोप्या घालाव्या लागतात. आमच्या टोप्या भडक केशरी होत्या. रंग झाला की त्या आठवणीने काढायच्या, कारण टोपी घातलेला डिटेक्टर आंधळा असतो. खाली आग लागली तरी त्याला पत्ता नाही. आणि पॅनेलला टोपी दिसत नाही, ते आपलं हिरवा दिवा लावून 'सगळं ठीक' म्हणत बसतं. म्हणून टोप्या घालताना आणि काढताना मोजायच्या. ते मोजणं बशीरभाईंचं. मी त्यात कधी डोकं घातलं नाही.

जागा सांगतो. पुणे रोडवर सुप्याहून पारनेरकडे वळलं की काही अंतरावर उजव्या हाताला एक वृद्धाश्रम आहे. नाव सांगत नाही, चांगली माणसं आहेत. दुमजली इमारत, वर मधोमध लांब व्हरांडा आणि दोन्ही अंगांना खोल्या. पॅनेल खाली ऑफिसात, तिथलं काम बघणाऱ्या शैलाताईंच्या टेबलाशेजारी. मागच्या दिवाळीनंतर तिथे वरच्या मजल्याच्या पूर्वेकडच्या खोल्यांना रंग द्यायचा होता. आम्ही दोघांनी जाऊन टोप्या घातल्या. रंगारी घाई करत होते. शेवटी-शेवटी मी पारनेरच्या एका बँकेतून फोन आला म्हणून निघालो, उरलेलं बशीरभाईंनी आटपलं.

त्यानंतर आठवड्याभरात बशीरभाई छातीत दुखतंय म्हणून नगरला दवाखान्यात ॲडमिट झाले. भाभींचा फोन आला. "दिलीपभाई, ते तुम्हाला बोलवतायत. काहीतरी काम आहे म्हणतात." मी म्हटलं, रविवारी येतो. दुसऱ्या दिवशी परत फोन. "सारखं म्हणतायत, दिलीपभाऊंना बोलवा, काम आहे." मी परत म्हटलं, रविवारी नक्की.

खरं कारण असं की मला जायचंच नव्हतं. माझी बायको चार वर्षांपूर्वी अशाच एका खाटेवर गेली, तेव्हापासून दवाखान्याच्या पायरीवर माझे पाय जड होतात. अलार्म तपासायला जातो, पेशंटला बघायला जात नाही. आणि वाटलं, माणूस बोलतोय म्हणजे बरा आहे.

बशीरभाई शुक्रवारी गेले.

मातीला गेलो. भाभींच्या नजरेला नजर देता आली नाही. काय काम होतं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. "मला सांगितलं नाही, म्हणाले त्यांनाच सांगतो," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तेवढंच. काय काम असेल? स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, रात्री पंख्याकडे बघताना. पोरगी पुण्याला नोकरीला, घरात मी एकटा, त्यामुळे विचार करायला वेळच वेळ.

त्याच महिन्यात मी एकटा जाऊन त्या वृद्धाश्रमातल्या टोप्या काढल्या. आणून डब्यात भरल्या, एकोणीस. डब्यात टोप्या होत्याच मुळी एकोणीस, विसावी कधीतरी फुटली होती. म्हटलं, जुळलं. आता टोपी काढल्यावर प्रत्येक डिटेक्टरला धूर देऊन बघायचं असतं. मी दिला नाही. रजिस्टरमध्ये लिहून टाकलं, 'सर्व टोप्या काढल्या, सर्व डिटेक्टर तपासले, ठीक.' खाली सही. पॅनेलवरच्या माणसाच्या सहीचा दुसरा रकाना असतो, त्यात आडवी रेघ. पुढच्या तिमाहीलाही तेच. मजल्यावरचा एखादा डिटेक्टर तपासायचा आणि बाकी सगळे पेनाने. कंपनी म्हणाली होती, आता एकट्यानेच जमवा. एकट्याने करायचं तर वर धूर द्या, खाली या, नंबर बघा, रिसेट मारा, परत वर जा. गुडघे बोलतात. पण गुडघ्यांचं निमित्त झालं, माझं लक्षच उडालं होतं. पेनाने तपासणारे लोक बशीरभाईंना अजिबात खपायचे नाहीत, आणि मी त्यांच्यातलाच एक झालो होतो.

आता तो दिवस.

मे महिना, मंगळवार, दुपारचे दोन वाजून गेलेले. शिरूरचं एक काम रद्द झालं म्हणून मी वेळेआधीच वृद्धाश्रमात पोचलो. जेवणं होऊन सगळे आडवे झाले होते. शैलाताई म्हणाल्या, "आज लवकर? चहा टाकायला सांगू का?" मी म्हटलं, झाल्यावर घेऊ. घरी जायची घाई नव्हतीच, म्हणून त्या दिवशी ठरवलं की सगळे डिटेक्टर नीट तपासायचे. हूटर, म्हणजे मोठे भोंगे, बंद केले, काठी घेतली, घडीची शिडी व्हरांड्यात ठेवली. कमरेला वॉकीटॉकी होता. एकच. दुसरा घरी ड्रॉवरमध्ये, बॅटरी काढून ठेवलेला. पोरगी हसते, "बाबा, तुम्ही बोलणार कोणाशी?" पण तो नसला की कंबर मोकळी-मोकळी वाटते, म्हणून लावतो आणि चालूही करतो.

पहिली खोली. धूर दिला, डिटेक्टरचा लाल दिवा लागला. टक-टक. पुढची खोली. टक-टक. तिसरी.

मला काहीच वाटलं नाही, हे तुम्हाला कसं पटवू? चौदा वर्षांची सवय. टक-टक ऐकलं की पाय आपोआप पुढे पडतात. पाचव्या का सहाव्या खोलीतून बाहेर पडताना मी व्हरांड्याच्या मधोमध थांबलो. खाली पॅनेलवर कोणीच नाही, हे तेव्हा ध्यानात आलं.

पण खरं सांगू का, भीती नाही वाटली. आधी वाटलं, सुप्याच्या एमआयडीसीत सिक्युरिटीवाले वॉकीटॉकी वापरतात, त्यांचा असेल. मग वाटलं, खाली जाऊन बघावं. आणि मी खाली गेलो नाही. कारण खाली काहीतरी साधंसुधं कारण सापडलं असतं आणि ते टक-टक बंद झालं असतं. सहा महिन्यांत मी काही केल्यावर कोणी 'हो, कळलं' असं म्हटलं नव्हतं हो... मला ते बंद व्हायला नको होतं.

मी पुढच्या खोलीत गेलो. धूर दिला. टक-टक. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हात चालू ठेवला. पुढची. टक-टक. एखाद्या डिटेक्टरला वेळ लागला तर तेवढाच वेळ थांबून टक-टक. अगदी त्यांच्याच ठेक्यात, दुसऱ्यांदा बटन जरा थांबून दाबल्यासारखं.

चौदा नंबरच्या खोलीत अनसूयाबाई राहतात. पाथर्डीकडच्या, कमरेतून बसलेल्या, चालता येत नाही. शेजारची खाट रिकामी आहे. त्या जाग्या होत्या. मी काठी वर केली, पेला टेकवला, धूर दिला.

खर्रर्र... लांब खरखर.

परत दिला. जास्त दिला. परत तीच खरखर, न थांबणारी. मला बशीरभाईंचा चेहराच दिसला, बटन दाबून धरलेलं, भुवया वर. मी बाहेरून शिडी आणली, चढलो आणि हात लावला.

डिटेक्टर नव्हताच तो. म्हणजे होता, पण त्याच्यावर श्रीखंडाचा पांढरा डबा उपडा बसवून कडेने पांढरी टेप लावली होती, इतकी नीट की खालून बघणाऱ्याला तो डिटेक्टरच वाटावा. रंगवलेल्या खोल्या होत्या वीस. टोप्या होत्या एकोणीस.

"त्यो माजाच डबा हाय," खालून अनसूयाबाई म्हणाल्या. "लेकीनं आनलेला. सुपारी ठेवायची मी त्यात. तुमचे त्ये दाढीवाले भाऊ चढले हुते रंगाच्या टायमाला. म्हनले, मावशी, एक टोपी कमी पडली, डबा द्या, रंग झाला की काढतो आन् परत देतो. आलेच न्हाईत परत. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या, लागत आसंल."

मी शिडीवरच बसलो.

"आदी लई बोंबलायचं त्ये," त्या सांगत होत्या. "मी मच्छर अगरबत्ती लावली की बोंबललंच. तवापासून गप हाय."

मी खाली बघितलं. खाटेच्या कडेला जमिनीवर मच्छर अगरबत्तीची पत्र्याची चकती होती आणि तिच्या वर गोधडीचं टोक लोंबत होतं. टोकाला बांगडीएवढं काळं भोक.

"मावशी, हे काय?"

त्यांनी गोधडी आत ओढली. "काय न्हाई."

"मावशी..."

"शिमग्याच्या आदी. झोप लागल्ती. धूर झाला, जाग आली. मी म्हनलं आता वरचं वरडंल, कुनी येईल. न्हाई वरडलं. मला काय उठता येतंय व्हय? तांब्या हुता हाताशी, वतला." मग हळूच, "शैलाला सांगू नका. अगरबत्ती बंद करतील, मग डास लई चावत्यात."

त्या बाई खोलीत एकट्या, हाताशी एक तांब्या, आणि छताकडे बघत वाट बघतायत की आता ते वाजेल. आणि खाली रजिस्टरमध्ये माझी सही, 'तपासले, ठीक.' मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती. त्या तांब्यात पाणी नसतं तर? हा प्रश्न मी अजून धड पूर्ण विचारही करू शकत नाही.

टेप काढली, डबा काढला. डिटेक्टर पुसला. काठी घेतली, धूर दिला. लाल दिवा लागला.

टक-टक.

"ह्ये कसलं वाजतंय?" अनसूयाबाईंनी विचारलं. म्हणजे त्यांनाही ऐकू आलं. मी म्हटलं, "खालून कळवतात, आला म्हणून." त्या म्हणाल्या, "त्येच हायेत का भाऊ? बरे हायेत ना?"

मला वारले म्हणवेना. मी म्हटलं, "डबा धुऊन आणून देतो." मोरीत नेऊन साबणाने धुतला, पुसला, त्यांच्या हातात दिला. त्यांनी उशाखालची सुपारीची पुडी काढून लगेच त्यात ओतली.

उरलेल्या खोल्या केल्या. प्रत्येकीत टक-टक. शेवटची झाली तेव्हा मी काठी खाली घेतली आणि उभा राहिलो. 'चला, उतरा'ची वाट बघत. बराच वेळ उभा होतो. व्हरांड्यात ऊन आलं होतं, कुठल्यातरी खोलीत कोणी खोकत होतं. सेटमधून काही आलं नाही. मग आपला आपणच उतरलो.

शैलाताई जागेवरच होत्या. विचारलं, इथे कोणी आलं होतं का? "नाही हो, मी हललेच नाही. ते पिप-पिप करायचं आणि लगेच गप्प व्हायचं. मला वाटलं, तुमच्याकडे वर रिमोट आहे." असा रिमोट नसतो. मी पॅनेलचा लॉग उघडला. प्रत्येक डिटेक्टरच्या नंबरखाली एक ओळ, रिसेट. ते बटन पॅनेलसमोर उभं राहून बोटानेच दाबावं लागतं. आपोआप रिसेट होण्याची सोय या पॅनेलला नाही, कंपनीच्या इंजिनियरला फोन करून दोनदा विचारलं. तो म्हणाला, मेमरी गंडली असेल. असेल.

शैलाताईंना मी गोधडीचं सांगितलं. अनसूयाबाईंचं ऐकलं नाही, पण त्यांची अगरबत्ती बंद करून मच्छरदाणी लावून घेतली. रजिस्टर मागवलं, माझ्या जुन्या दोन्ही नोंदींखाली लिहिलं की ही तपासणी केलेली नव्हती, आणि सही केली. कंपनीनेही त्यावरून चांगलंच झापलं. ते योग्यच होतं.

संध्याकाळी घरी जाऊन आधी ड्रॉवर उघडला. दुसरा वॉकीटॉकी होता तिथेच, बॅटरी शेजारी वेगळी पडलेली.

मग भाभींकडे गेलो. त्यांच्या दारात मी मातीनंतर पाऊल टाकलं नव्हतं. सगळं सांगितलं, डबा, गोधडी, टक-टक, सगळं. दवाखान्यात न येण्याचं खरं कारणही सांगितलं. वाटलं, बाई चिडतील, रडतील, वेड लागलं म्हणतील. त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिल्या.

"म्हणजे हेच काम होतं त्यांचं," त्या म्हणाल्या.

"हो, भाभी."

"मग झालं का?"

"झालं."

"डबा दिला त्या बाईंना?"

"दिला."

"बरं झालं," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

यावर मला उत्तर सापडलेलं नाही. सिक्युरिटीवाल्यांचा वॉकीटॉकी, पॅनेलची मेमरी, माझं मन... एकेकटं कारण पटतं, पण डबा कुठे आहे हे त्यातल्या कुणाला माहीत होतं? अनसूयाबाई सोडल्या तर ते माहीत असलेला एकच माणूस होता आणि तो डिसेंबरमध्येच गेला होता. कोणाला काही सुचलं तर जरूर सांगा. थट्टा केलीत तरी चालेल, मीही केली असती.

त्यानंतर सेट कधी वाजला नाही. त्याच वृद्धाश्रमात परत दोनदा जाऊन आलो, तरी नाही. आता मी एकही डिटेक्टर पेनाने तपासत नाही. धूर देतो, लाल दिवा लागतो, आणि टक-टक यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ थांबतो. काही येत नाही. मग मीच माझ्या सेटचं बटन दोनदा दाबतो, आणि काठी उचलून पुढच्या खोलीत जातो.